निकालाच्या दिवसाचा रिव्ह्यू: आयोगाची साइट चालू, टीव्ही म्यूटवर

लोक मिक्सरचे, इअरफोनचे रिव्ह्यू टाकतात, मी निवडणूक आयोगाच्या निकालाच्या साइटचा टाकतोय. हसू नका. 2024 मध्ये दोनदा अख्खा दिवस वापरलीये, 4 जूनला लोकसभेच्या वेळी आणि 23 नोव्हेंबरला विधानसभेच्या, आणि दोन्ही दिवशी घरात बीपीची गोळी न लागलेला मी एकटाच होतो.

खरं तर सुरुवात टीव्हीनेच केलेली. 1 जूनला एक्झिट पोल आले, बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर बसवलं, काहींनी तर थेट चारशेला नेलं. 3 तारखेला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर, तो बघून मामांनी शेअर घेतले, तेही उधारीवर (मामी वाचत असतील तर हे वाक्य सोडून द्या). 4 ला आठ वाजता मोजणी सुरू आणि सव्वाआठला चॅनेलवर शंभर-दीडशे जागांचे कल. नाव घेत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. आता आठला फक्त पोस्टल मतं फोडायला घेतात, ईव्हीएम त्यानंतर अर्ध्या तासाने, मग हे कल आले कुठून? मामा म्हणाले, अरे त्यांची माणसं असतात आत. असतील बाबा. नवाच्या आसपास वाराणसीत मोदी पहिल्या फेरीत मागे अशी पट्टी आली, त्यावर आत्या उभी राहिली आणि मामा बसले, आणि मी टीव्ही म्यूट करून फोनवर साइट उघडली.

दिसायला एकदम रुक्ष आहे, आधीच सांगतो. नाचणारे आकडे नाहीत, हेलिकॉप्टर नाही, खुर्च्या नाहीत. एक तक्ता. पक्ष, विजयी, आघाडी, एकूण. पण सगळी गंमत त्या 'विजयी' आणि 'आघाडी' वेगळ्या ठेवण्यातच आहे हो. टीव्हीवर दुपारपर्यंत सगळेच 'जिंकले' होते, इथे दुपारी 'विजयी'च्या रकान्यात मोजक्याच जागा आणि बाकी सगळं 'आघाडी'त, म्हणजे अजून काहीही होऊ शकतं. आणि झालंही ना. बीडला पंकजा मुंडे आणि बजरंग सोनवणे, कोण पुढे कोण मागे ते रात्रीपर्यंत खालीवर, शेवटी सोनवणे 6,553 ने आले. धुळ्यात सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभांत पुढे, एकट्या मालेगाव मध्यने सगळं फिरवलं आणि शोभा बच्छाव 3,831 ने खासदार. ज्यांनी टीव्ही बघून दुपारीच पेढे आणले त्यांनी ते रात्री कुणाला खाऊ घातले देव जाणे.

माझं सगळ्यात आवडतं फीचर म्हणजे उमेदवारांचं पान. ईव्हीएमची मतं वेगळी, पोस्टल वेगळी, मग बेरीज. मुंबई वायव्य काढून बघा. ईव्हीएममध्ये अमोल कीर्तिकर 4,51,095 आणि रवींद्र वायकर 4,51,094, एका मताने कीर्तिकर पुढे! मग पोस्टल, वायकरांना 1,550, कीर्तिकरांना 1,501, आणि 48 मतांनी वायकर विजयी. चॅनेलवर आधी एक जिंकला मग दुसरा जिंकला असा गोंधळ, लोकांनी अर्धवट ऐकून वाट्टेल ते फॉरवर्ड केलं. प्रकरण पुढे हायकोर्टातही गेलं. कुणाचं बरोबर त्या वादात मी पडत नाही, पण साडेचार-साडेचार लाखांच्या लढतीत पोस्टलची दीड-दीड हजार पाकिटं काय करतात ते त्या दोन रकान्यांत दिसतं आणि तेव्हापासून "माझ्या एका मताने काय होतंय" म्हणणाऱ्याला मी तेच पान दाखवतो.

आणि पान खालपर्यंत स्क्रोल करा, प्लीज. वरची दोन नावं बघून बंद करू नका. साताऱ्यात उदयनराजे 32,771 ने आले आणि खाली एका अपक्षाला 37,062 मतं, ज्याचं चिन्ह होतं पिपाणी. शरद पवारांच्या पक्षाचं तुतारी वाजवणारा माणूस, याची नुसती पिपाणी, आणि यंत्रावर तिचंही नाव तुतारीच. दिंडोरीत तर पिपाणीवाल्याने लाखाच्या वर मतं घेतली, त्यात आडनावही भगरेच. तिथे भास्कर भगरे तरीही आरामात निघाले ते सोडा. टीव्हीवर दिवसभर जातीची गणितं चाललेली आणि मोठा किस्सा इथे तळाशी पडलेला.

आता युती-आघाडीचं. साइटला एनडीए, इंडिया, महायुती, मविआ यातलं काहीच कळत नाही, फक्त पक्ष कळतात. बेरीज तुमची तुम्ही करा. म्हणजे एसएचएस आणि एसएचएसयूबीटी या दोन शिवसेना, मग दोन राष्ट्रवादी, आत्याने कॅलेंडरच्या मागच्या पानावर मांडलं, काँग्रेस 13, ठाकरे 9, शरद पवार 8, झाले 30. इकडे भाजप 9, शिंदे 7, अजित पवार 1, झाले 17. महाराष्ट्राच्या 48 ला एक कमी पडतोय म्हणून तिने दोनदा बेरीज केली. तो सांगलीचा विशाल पाटील, अपक्ष, काँग्रेसचा बंडखोर, भाजपच्या उमेदवाराला पाडून आलेला, ठाकऱ्यांचा उमेदवार तिसरा. तो कुणाच्या खात्यात टाकायचा यावर आमच्याकडे पाऊण तास भांडण झालं, त्याने पुढे काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं तेव्हा आत्याने पेनाने 30 चे 31 केले. मला विचाराल तर युतीची बेरीज न दाखवणं हेच बरंय, मतं पक्षाला पडतात, नंतर कोण कुणाच्या मांडीवर बसणार ते त्या रात्री यंत्राला काय माहीत.

देशाचं पण तसंच. भाजप 240, मागच्या वेळी 303 होते. काँग्रेस 99. बहुमताला 272. मोजणी तशी 542 जागांचीच, सुरत बिनविरोध आलेलं. संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर गंमत बघा, ज्यांचं सरकार येणार ते गप्प आणि ज्यांचं येणार नाही त्यांच्याकडे फटाके, मामांनी शेवटी न राहवून लिहिलं की 99 ला एवढं काय नाचताय, नापासच आहात. पुढच्या महिन्यात पंतप्रधान पण लोकसभेत 99 वरूनच चिमटे काढत होते, मामांना आजही वाटतं की आयडिया त्यांची. मग बहुमतासाठी लागणारे चंद्राबाबूंचे 16 आणि नितीशकुमारांचे 12, या दोन आकड्यांवर अख्ख्या देशाने दोन दिवस मीम बनवले, 5 ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीस म्हणाले मला राज्य सरकारमधून मोकळं करा, 9 ला शपथविधी, मीम बंद.

नोव्हेंबरमध्ये तीच साइट, तोच तक्ता. भाजप 132, शिंदे 57, अजित पवार 41, समोर तिघांचे मिळून 46. जूनमध्ये जी आत्या स्क्रीनशॉट पाठवून "हे अधिकृत आहे, वाचा" म्हणत होती ती आता म्हणते यंत्रातच काहीतरी आहे, आणि जूनमध्ये कीर्तिकर-वायकरांच्या आकड्यांवर चकार शब्द न काढणारे मामा मला साइटची लिंक पाठवतायत, मला! डिसेंबरात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने तर स्वतःच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलेलं, पोलिसांनी होऊ दिलं नाही. गंमत म्हणजे त्या मतदारसंघात जिंकले शरद पवारांचे उत्तम जानकर, तक्रार होती ती त्यांना गावात कमी मतं दाखवल्याची. आता गावात किती पडली ते या पानांवर शोधू नका, बूथनिहाय आकडे फॉर्म 20 मध्ये असतात, तो नंतर वेगळा बघायचा. घरी हे समजावून सांगायला मला दोन कप चहा लागला आणि शेवटी दोघांनीही ऐकलं नाही, त्यातल्या त्यात तेवढी एकवाक्यता.

रेटिंग पाचपैकी चार. एक कापला कारण एवढं बघत बसलं की जेवण गार होतं. फोन चार्जिंगला लावून बसा, दर मिनिटाला रिफ्रेश मारू नका, फेरी संपल्याशिवाय आकडा हलत नाही.

मामांचे शेअर? 4 ला सेन्सेक्स चार हजार तीनशेच्या वर कोसळला तेव्हा घाबरून विकले, 5 ला मार्केट परत दोन हजारांनी वर. त्याला ते टीव्हीला जबाबदार धरतात, पण बघतात अजून तेच चॅनेल.