पीआरएन नंबर विचारला असता तर हे लिहायची वेळ आली नसती

सुरुवातीलाच सांगतो, मी अंगठेबहाद्दर नाही. बी.एस्सी. झालोय, नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत चौदा वर्षं क्वालिटीमध्ये काढली आहेत. दुसऱ्यांच्या मालातल्या चुका शोधायचाच पगार घेतो. तरीही ऑनलाइन एमबीएच्या नावाखाली माझे 52,330 रुपये गेले आणि 86,400 रुपये अजून डोक्यावर आहेत. विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्याला जो नोंदणी क्रमांक देतं, म्हणजे पीआरएन, तो वेळेत मागितला असता तर हे टळलं असतं. फसलोय हे मला कळल्यावर बायकोला सांगायला आणखी दोन महिने गेले. तोंडच नव्हतं.

पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच. जाहिरातीवर बोट लागतं, दहा मिनिटांत फोन येतो, ‘शेवटच्या तीन सीट’ उरलेल्या असतात आणि एक स्कॉलरशिप टेस्ट असते जिच्यात कुणीच नापास होत नाही. मला वीसपैकी सतरा पडले. 1,62,000 ची फी 1,34,600 वर आली. ही बातमी मी घरात पेढे वाटल्यासारखी सांगितली होती, ते आठवलं की अजून चडफडायला होतं.

मी भुललो का? कारण आमच्याकडे असिस्टंट मॅनेजरच्या जागेला पीजी, म्हणजे पदव्युत्तर पदवी, लागते आणि माझ्या हाताखाली शिकलेली दोन पोरं माझ्या पुढे गेली. कारण फोनवरची मुलगी म्हणाली, “सर, मी पण नाशिकचीच, कॉलेज रोडला शिकले.” आणि कारण मी चौकशी केली होती, अगदी न बघता उडी मारली नव्हती. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत ते विद्यापीठ आहे का हे मी स्वतः पाहिलं. होतं.

मेख इथंच आहे. विद्यापीठ खरं असणं वेगळं आणि त्या विद्यापीठाला तोच कोर्स ऑनलाइन चालवायची परवानगी असणं वेगळं. 2020 च्या नियमावलीप्रमाणे ऑनलाइन पदवीला वेगळी मान्यता लागते. ती यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर, म्हणजे डीईबीवर, विद्यापीठ आणि कोर्सनिहाय दिसते. मी पाहिली ती साधी विद्यापीठांची यादी. दुसरी यादी असते हेच माहीत नव्हतं, आणि मला त्या साध्या यादीची लिंक पाठवणाऱ्या फोनवरच्या मुलीला ते पक्कं माहीत होतं. शिवाय विद्यापीठाला आपली ऑनलाइन पदवी एखाद्या कंपनीला फ्रँचायझीवर चालवायला देता येत नाही. यूजीसीनं हे जानेवारी 2022 मध्ये जाहीर नोटिशीत बजावलं होतं. कंपनी फार तर व्हिडिओ आणि सॉफ्टवेअर पुरवू शकते. प्रवेश, परीक्षा, पदवी हे विद्यापीठाचंच काम.

आता त्या संध्याकाळकडे येतो.

शनिवार, सव्वासात. आत कुकरच्या शिट्ट्या, मुलगी पाढे म्हणतेय, आणि मी स्क्रीन शेअर करून बसलेलो. आधी आधार, मग पॅन, मग सेल्फी. कुठलं विद्यापीठ प्रवेशासाठी माणसाला कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावायला लावतं? पण तेव्हा वाटलं, डिजिटल जमाना आहे, असेल. मग ओटीपी आला. “सर, एलिजिबिलिटी चेकचा आहे, पटकन सांगा, सेशन टाइमआउट होईल.” मेसेज इंग्रजीत होता आणि त्यात ‘लोन ॲग्रीमेंट’ हे दोन शब्द होते. मी ते वाचले. नजरेतून सुटले असते तर आज एवढी आग झाली नसती. मी वाचले, थांबलो, आणि विचारलंसुद्धा, “मॅडम, हे लोनचं काय आहे?” ती हसली. “सर, नो कॉस्ट ईएमआय आहे ना, सिस्टिम त्याला लोनच म्हणते.” त्या हसण्यानं मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. एमबीए करायला निघालेल्या माणसाला एवढंही कळत नाही, असं तिला वाटू नये म्हणून मी ते सहा आकडे वाचून दाखवले.

5,000 सीट ब्लॉक करायला आधीच दिले होते. उरलेले 1,29,600 एका फायनान्स कंपनीनं माझ्या नावावर टाकले, 7,200 चे अठरा हप्ते. वर 2,950 प्रोसेसिंग फी. कर्जाचा पैसा माझ्या खात्यात आलाच नाही, सरळ कोर्स विकणाऱ्या कंपनीकडे गेला. विद्यार्थी मी कधी झालोच नाही, कर्जदार मात्र त्याच संध्याकाळी झालो.

‘सात दिवसांत पूर्ण पैसे परत’ असंही होतं बरं का. ते सात दिवस ओटीपी दिल्यापासून मोजायचे होते. लॉगिन आलं नवव्या दिवशी.

लेक्चरबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. जुनी रेकॉर्डिंग, खाली प्रश्न विचारायला एक चौकट, उत्तर नाही.

आणखी एक खूण हातात होती, ती तर माझ्या मेलमध्येच पडून होती. पावती. ‘ट्रेनिंग सर्व्हिसेस’, त्यात 20,532 रुपये जीएसटी. कायद्यानं मान्य असलेल्या पदवीच्या विद्यापीठीय फीवर जीएसटी नसतो! आमच्या अकाउंट्समधल्या माणसानं नंतर पाच सेकंदांत सांगितलं. त्याला आधी दाखवायला काय झालं होतं? पण ऑफिसात कुणाला कळायच्या आत एमबीए होऊन दाखवायचं होतं ना मला.

उलगडा झाला चौथ्या महिन्यात. एचआरनं विचारलं, “पीआरएन नंबर द्या, फाइलला लावतो.” मी डॅशबोर्डवरचा नंबर दिला. तो म्हणाला, हा कंपनीचा लर्नर आयडी आहे, विद्यापीठाचा पीआरएन कुठाय? मग त्यानंच विचारलं, “डीईबी आयडी काढला होता का?” 2024 पासून ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या प्रवेशाला हा आयडी लागतो, तो विद्यार्थ्यानं स्वतः काढायचा असतो, एबीसी, म्हणजे शिक्षणाची क्रेडिट्स जमा ठेवायच्या सरकारी ऑनलाइन खात्याला, जोडलेला. मला सांगितलं होतं, ‘ते आमच्या बॅकएंडला होईल, सर.’ कुणी असं म्हणालं की फोन ठेवा. तिथंच ठेवा.

विद्यापीठात फोन केला. या नावाचा विद्यार्थी नाही. कंपनीशी करार आहे का? ‘त्याबद्दल बोलता येणार नाही.’ कंपनीनं मेलवर कळवलं की मी घेतलेला प्रोग्राम ‘एमबीए-समकक्ष सर्टिफिकेट’ आहे आणि अटींना मी संमती दिली आहे. फोनवरच्या त्या काउन्सेलर मुलीचा नंबर बंद.

पोलिस चौकीत गेलो. साहेब जेवायला गेले होते, मग बंदोबस्ताला, मग दुसऱ्या दिवशी या. दुसऱ्या दिवशी एका हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ओटीपी तुम्हीच दिला ना?” दिला. “सही तुमचीच ना?” माझीच. “मग फसवणूक कुठाय? दिवाणी मॅटर आहे.” सायबरवाल्यांकडे पाठवलं, ते म्हणाले खात्यातून कुणी पैसे चोरले नाहीत, आमच्यात बसत नाही. अर्ज तीन प्रतींत मागितला. शिक्का एकाच प्रतीवर दिला, तोही मागून घेतला म्हणून. एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. अकरा दिवसांनी मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’. काय निराकरण? कंपनीनं ‘धोरणानुसार उत्तर दिले’ एवढंच लिहून पाठवलं होतं आणि त्यांनी ते मान्य करून फाइल मिटवली. मला कुणी विचारलंच नाही. शिक्षण खात्याच्या एका कार्यालयात बाईंनी माझ्याकडे पाहून म्हटलं, “एवढं शिकलेले असून?” मी तिथं सल्ला मागायला गेलो होतो, टोमणे खायला नाही. रजा गेल्या चार, रिक्षाचे पैसे धरलेलेच नाहीत मी वरच्या आकड्यात.

फायनान्सवाले तर सरळ म्हणतात, कॉलेजशी तुमचं काय भांडण आहे ते तुम्ही बघा, हप्ता भरा. सहा भरले, 43,200. मग थांबवले, तर दोन वेळा मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापायची सोय, परत गेलं आणि बँकेनं 590 प्रमाणे 1,180 कापले. सिबिल पडला तो वेगळाच. मग वसुलीचे फोन माझ्या मेहुण्याला सुरू झाले, रात्री नऊ वाजता. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. हे ठणकावून सांगा, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट ठेवा, आणि कर्ज कंपनीकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. मी दीड महिना नुसतं फोनवर भांडत बसलो, ती आणखी एक चूक. लेखी द्या. सगळं लेखी. डिजिटल कर्जात ठरावीक दिवसांत दंडाशिवाय बाहेर पडायची सोय असते, किती दिवस ते केएफएस नावाच्या, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींच्या, कागदावर असतं, तो मागा. अर्थात मुद्दल परत करावं लागतं, आणि ते कोर्स विकणाऱ्या कंपनीच्या घशात असतं.

काखेत कळसा म्हणतात तसं झालं माझं. दर पावसाळ्यात गंगापूर धरण बघायला त्याच बाजूनं जातो, तिथं गोवर्धनला 1989 मध्ये स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. त्याची कधी जाहिरात दिसली नाही म्हणून ते मला हलकं वाटलं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. करारात ‘न्यायक्षेत्र बंगळूर’ लिहिलेलं असलं तरी घाबरू नका, 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथं तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. कोर्स कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं: शिक्षण ही ‘सेवा’ नव्हे, सबब ग्राहक कायदा लागू नाही. मी त्याला त्यांचीच पावती जोडली, ‘ट्रेनिंग सर्व्हिसेस’ आणि 20,532 च्या जीएसटीसकट. पुढची तारीख पडली आहे.

त्याआधी हप्त्याची पाच तारीख येते. खात्यात 7,200 ठेवायचे की नाही यावर आमच्या घरात काल रात्रीपासून भांडण चालू आहे.