वॉर्म व्हाइट एलईडी पट्टी, उन्हाळा ते दिवाळी: उजेड पास, गोंद नापास

जुलैत पट्टी सुटली. एकदम नाही. आधी कोपऱ्यात बोटभर लोंबली, मग टोकाकडून वीतभर, आणि शेवटी सगळीच्या सगळी पडद्यावर येऊन पडली. उजेड व्यवस्थित चालू! दुकानदार म्हणतो, "लागतेय ना? मग वॉरंटी कसली?" वॉरंटी एलईडीची असते, मागच्या टेपची नसते. हे बिलावर कुठेच नसतं, काउंटरवर मात्र प्रत्येकाला तोंडपाठ. त्यामुळे या रिव्ह्यूत उजेडापेक्षा गोंदच जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो.

माल नेहमीचाच: २८३५ चिप (म्हणजे २.८ बाय ३.५ मिमीचा एलईडी), मीटरला १२० एलईडी, १२ व्होल्ट, ३००० केल्विन म्हणजे पिवळसर उजेड, ५ मीटरचं रीळ. मुंबईतल्या लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारातून साधारण ₹४०० ला. तिथे घेण्याचा फायदा म्हणजे लावून दाखवतात, आणि ते बघूनच घ्यावं. 'वॉर्म' या एकाच नावाखाली एक रीळ पिवळंधमक निघतं आणि दुसरं जवळजवळ पांढरं. दोन रिळं लागणार असतील तर शेजारी-शेजारी लावून एकाच लॉटची घ्या.

आता गोंद. पट्टीच्या मागचा कागद सोलला की जी पातळ टेप दिसते तिचे मुंबईच्या घरात तीन वैरी आहेत. पहिला डिस्टेंपर. भिंतीवर तळवा फिरवून बघा, पांढरी भुकटी लागली तर टेप भिंतीला नाही, त्या भुकटीला चिकटणार. दुसरी दमट हवा. बाहेरच्या बाजूची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि रंगाचा थरच सैल होतो. तिसरी पट्टीची स्वतःची उष्णता. मीटरला साडेनऊ-दहा वॅट. उघड्या भिंतीवर ती उष्णता जाणार कुठे? रोज संध्याकाळी गोंद नरम, रात्री पुन्हा कडक. कोपऱ्यात पट्टी वळवलेली असते, तिथे ताण सगळ्यात जास्त, म्हणून सुटायची सुरुवातही तिथूनच.

लोक सुचवतात ते उपाय त्याहून वाईट. फेव्हिक्विक ठिसूळ, निघताना रंगाचा पोपडा घेऊन निघतं. ग्लू गनचा गोंद गरम पट्टीखाली पुन्हा मऊ पडतो. सिलिकॉन तर सांभाळून: ज्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ती अजिबात नको. त्या वासाचं अ‍ॅसिटिक आम्ल पट्टीवरचे तांब्याचे पॅड खातं, हिरवट डाग पडतात आणि मग मधलाच तीन एलईडींचा तुकडा मेलेला दिसतो. लावायचंच तर ट्यूबवर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलंय का ते वाचून घ्या.

टिकाऊ इलाज एकच, अ‍ॅल्युमिनियमचं प्रोफाइल, म्हणजे पट्टी आत बसते अशी पन्हळ. दुधी झाकणासकट मीटरला ₹१५० च्या आसपास, म्हणजे पट्टीपेक्षा पट्टीचं घरच महाग. तरी घ्या. क्लिपा अर्ध्या-अर्ध्या मीटरवर, ६ मिमीचं भोक, प्लास्टिकचा प्लग, स्क्रू. प्रोफाइलचा आतला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करा, पट्टी अंगठ्याने दाबत-दाबत बसवा आणि एक दिवस तशीच ठेवा, लगेच चालू करू नका. गंमत म्हणजे भिंतीवर हरलेल्याच जातीची टेप या स्वच्छ धातूवर अख्खा पावसाळा हलली नाही. उष्णताही धातू ओढून घेतो. म्हणजे शून्य द्यायचं ठरवलेल्या गोंदाला दहापैकी तीन द्यावे लागतायत. तीनच. डिस्टेंपरच्या भिंतीवर चालणार नाही, एवढं खोक्यावर छापायला काय जातं?

भाड्याच्या घरात भोकं पाडली की डिपॉझिटवरून मालकाशी वाद ठरलेला. तिथे भिंतीचा नाद सोडा. प्रोफाइल लोखंडी कपाटाच्या माथ्यावर मागच्या बाजूला, तोंड छताकडे करून नुसतं ठेवा. उजेड छतावर आपटून खोलीभर पसरतो, एलईडी डोळ्यांना दिसत नाहीत, आणि चिकटवायचं काहीच नाही. पडद्याचं पेल्मेट असेल तर त्याच्या आत, भिंतीपासून सात-आठ सेंटीमीटर सोडून. तोंड खाली मात्र करू नका. चकचकीत व्हिट्रिफाइड लादीत प्रत्येक ठिपका मोजता येतो. उजेड खालीच हवा असेल तर दुधी झाकणाशिवाय गत्यंतर नाही.

त्या झाकणाबरोबर दोन टोकांच्या प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, त्या फेकू नका. उघड्या टोकातून पावसाळी चिलटं आत शिरतात, तिथेच मरतात आणि दुधी झाकणावर आतून काळे ठिपके दिसायला लागतात. पांढऱ्या ट्यूबलाइटपेक्षा पिवळ्या उजेडाला किडे कमी येतात हे खरं. पाल मात्र येते. तिला प्रोफाइलमागची ऊब आवडते.

अडॅप्टरचा हिशेब सोपा आहे. पाच मीटरला सुमारे ४८ वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ४ अँपिअर. त्यावर थोडी मोकळीक ठेवून ५ अँपिअरचा घ्या. काही दुकानदार 'घरच्यासाठी चालतो' म्हणून २ अँपिअरचा गळ्यात मारतात, तो तापून तापून मरतो किंवा पट्टी लुकलुकत ठेवतो. हलक्या मालावर ५ लिहिलेलं असतं आणि आत ३ चंच सामान असतं. पट्टी जोडलेली असताना मल्टिमीटर लावा. आकडा ११ व्होल्टच्या खाली आला तर अडॅप्टर परत करा. लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो. चांगला मिळाला तर ₹४५० च्या आसपास जातात. कपाटात बंद करून ठेवू नका, हवा लागू दे.

शेवटचा मीटर मंद दिसत असेल तर पट्टी खराब नाही. तिच्यातलं तांबं पातळ असतं, टोकापर्यंत व्होल्टेज उतरतं. अडॅप्टरपासून वेगळी जाड वायर नेऊन दुसऱ्या टोकालाही करंट द्या, अधिक-उणे सांभाळून. पाच मीटरच्या वर जायचं तर २४ व्होल्टचीच पट्टी घ्यावी. कापायची फक्त खुणेवर, या पट्टीत दर अडीच सेंटीमीटरला. जोडायला बरोबर मिळणाऱ्या चिमटा-कनेक्टरवर विसंबू नका. खाऱ्या हवेत त्याची पाती काळी पडतात आणि दार आपटलं की दिवा फडफडतो. सोल्डर करा, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. जमत नसेल तर लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीवाले किरकोळ पैशात करून देतात.

डिमर सुरुवातीला फालतू खर्च वाटतो, ₹१५० कशाला. आता तोच आधी घ्यायला सांगेन. पूर्ण तेजावर ही पट्टी नुसती पिवळी ट्यूबलाइट आहे. अर्ध्याच्या खाली आणली की खोली निवांत वाटते. डिमर अडॅप्टर आणि पट्टीच्या मधे लागतो. इलेक्ट्रिशियन पंख्याचा रेग्युलेटर लावून देतो म्हणाला तर हात जोडा, अडॅप्टर जळेल. स्वस्त डिमरमध्ये लुकलुक असते. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बघा, काळे पट्टे सरकताना दिसले तर बदलून घ्या, नाहीतर वाचताना डोळे चुरचुरतात.

वीज किरकोळ. अर्ध्या तेजावर रोज चार तास धरले तर महिन्याला तीन युनिट.

प्रोफाइल धरून सगळं साडेसतराशेत बसलं, त्यातले साडेसातशे फक्त पट्टी पडू नये म्हणून. पट्टीला साडेचार तारे, अडॅप्टरला चार, टेपला वर दिलेले दहापैकी तीनच.