शिल्डनचं ‘लोकोमोशन’ संग्रहालय: वंगणवाल्याच्या नजरेतून

इंग्लंडच्या उत्तर भागात, न्यूकॅसल, डरहॅम किंवा डार्लिंग्टनच्या आसपास ज्यांची मुलं नोकरीला आहेत, त्यांनी तिकडे गेल्यावर शिल्डनचं ‘लोकोमोशन’ हे रेल्वे संग्रहालय चुकवू नये. प्रवेश फुकट आहे. डार्लिंग्टनहून बिशप ऑकलंडला जाणारी छोटी गाडी पकडायची, शिल्डन स्टेशनवर उतरायचं आणि चालत जायचं. यॉर्कच्या मोठ्या संग्रहालयाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं आणि तेही उत्तमच आहे. पण मला विचाराल तर डबे आणि वॅगन समजून घ्यायला शिल्डनच खरी जागा.

माझी नोकरी सगळी रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात, म्हणजे डबे-वॅगनच्या देखभालीत गेली. मालगाड्यांच्या एका मोठ्या यार्डात मी टीएक्सआर, म्हणजे गाड्या तपासणारा (ट्रेन एक्झामिनर) म्हणून लागलो, तेव्हा चारचाकी वॅगनना अजून साधे पितळी बेअरिंग असायचे. गाडी यार्डात शिरत असतानाच आम्ही दोन्ही बाजूंना उभे राहायचो. एकेक ॲक्सल बॉक्स, म्हणजे ॲक्सलच्या टोकावरची बेअरिंगची पेटी, समोरून जायचा, तसा आवाज ऐकायचा, वास घ्यायचा. गाडी थांबली की प्रत्येक बॉक्सला हाताची मागची बाजू लावून बघायची. बॉक्स कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर झाकण उघडायचं. तेल जळाल्याचा तो वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर जात नाही. त्यामुळे कुठल्याही रेल्वे संग्रहालयात गेलो की माझी नजर आधी खाली, चाकांच्या टोकाकडे जाते. हा अभिप्राय त्याच नजरेने लिहिलेला आहे.

शिल्डन गाव छोटं, पण त्याचं नाव मोठं. वाफेचं इंजिन वापरणारी पहिली सार्वजनिक रेल्वे म्हणजे स्टॉकटन-डार्लिंग्टन; २७ सप्टेंबर १८२५ रोजी तिची पहिली गाडी निघाली ती इथूनच. कोळशाच्या वॅगन डोंगरावरून दोरांनी उतरवून आणल्या आणि शिल्डनला त्यांना इंजिन जोडलं. त्या दिवशी गाडी वाटेत थांबली, ती आधी इंजिनामुळे नव्हे, तर एका वॅगनच्या चाकामुळे. ती वॅगन बाजूला काढून ठेवली आणि गाडी पुढे गेली. म्हणजे वॅगन ‘सिक’ करून, नादुरुस्त ठरवून, बाजूला काढायचं काम अगदी पहिल्या दिवसापासून आहे. मी हे वाचलं तेव्हा मला त्या अनोळखी माणसांबद्दल फार आपलेपणा वाटला. इतिहासात इंजिन बनवणारे जॉर्ज स्टीफन्सन राहिले आणि ते राहणारच, पण त्या वॅगनखाली कोणीतरी वाकलं होतं.

संग्रहालय २००४ साली सुरू झालं आणि २०२४ साली त्यात आणखी एक मोठी इमारत आली. दोन्ही मिळून एका ठिकाणी छपराखाली उभ्या असलेल्या जुन्या रेल्वे वाहनांचा संग्रह युरोपात सर्वांत मोठा आहे असं सांगतात आणि आत उभं राहिल्यावर ते पटतं. आम्ही गेलो तेव्हा ‘रॉकेट’ आणि ‘सॅन्स परेल’ ही १८२९ च्या रेनहिल चाचणीतली (लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेसाठी इंजिन निवडायची स्पर्धा) दोन्ही खरी इंजिनं तिथे होती. लोक अर्थातच त्यांच्याभोवती जमतात. आमच्या सौभाग्यवतींनी आणि नातवानेही तिथेच बराच वेळ काढला. मी मात्र कोळशाच्या चॉल्ड्रन वॅगनकडे गेलो.

चॉल्ड्रन म्हणजे वर रुंद आणि खाली निमुळती लाकडी पेटी, चार बिडाची चाकं, स्प्रिंग नावाला नाही. एका वॅगनमध्ये ५३ हंड्रेडवेट, म्हणजे साधारण २.७ टन कोळसा. तिचं बेअरिंग बघायचं असेल तर गुडघ्यावर बसावं लागतं, कारण ते चाकांच्या आतल्या बाजूला आहे. रेल्वेचं चाक आणि ॲक्सल एकत्र जखडलेले असतात आणि दोन्ही मिळून फिरतात. वॅगनचा सगळा भार त्या फिरणाऱ्या ॲक्सलवर टेकलेल्या धातूच्या तुकड्यावर येतो. चॉल्ड्रनमध्ये हा तुकडा म्हणजे ॲक्सलच्या पाठीवर ठेवलेलं साधं खोगीर, खालून उघडं. तिथे चरबी थापायची आणि वॅगन सोडायची. धूळ, कोळशाची पूड, पाऊस सगळं त्यात जाणार. घोड्याच्या चालीने जाणाऱ्या वॅगनला ते चालून गेलं. इंजिन आलं, वेग वाढला, तसं हे बेअरिंग तापू लागलं असणार, हे सांगायला पुस्तक नको. ज्याने एकदा तापलेला बॉक्स उघडलाय त्याला ते बघूनच कळतं.

इथे ‘रॉकेट’कडे परत या, कारण त्याचा या गोष्टीशी थेट संबंध आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. ‘रॉकेट’च्या बॉयलरमध्ये एका मोठ्या नळीऐवजी अनेक बारीक नळ्या घालाव्यात ही कल्पना हेन्री बूथ यांची मानली जाते. हे गृहस्थ लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे खजिनदार होते, इंजिनिअर नव्हते. त्याच बूथ यांनी १८३५ साली ॲक्सलच्या वंगणाचं पेटंट घेतलं. एक गॅलन पाणी, त्यात अर्धा पौंड धुण्याचा सोडा, तीन पौंड स्वच्छ चरबी आणि सहा पौंड पाम तेल. हे उकळीच्या जवळपास तापवायचं आणि थंड होईपर्यंत सतत ढवळत राहायचं. सोड्यामुळे चरबीचा थोडा साबण होतो आणि पाणी त्यात धरून राहतं, म्हणून मऊ, पिवळसर वंगण तयार होतं. पाम तेल आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजाने लिव्हरपूलला उतरायचं, त्यामुळे त्या शहरातल्या माणसाला ते सुचणं साहजिक होतं. बॉयलरच्या नळ्यांसाठी बूथ यांचं नाव घेतात. माझ्या मते हे वंगण त्याहून कमी नाही, कारण इंजिन कितीही जोराचं असलं तरी मागच्या वॅगनची चाकं फिरली नाहीत तर गाडी जाणार कुठे?

या वंगणासाठी बनवलेले ग्रीस बॉक्स ओळखणं सोपं आहे. बेअरिंग चाकाच्या बाहेर आलेलं असतं आणि बॉक्सच्या डोक्यावर बिजागरीचं झाकण असतं. झाकण उचलायचं, पट्टीने वंगण दाबून भरायचं, झाकण लावायचं. आत वंगणाच्या खाली ब्रासला, म्हणजे ॲक्सलवर टेकलेल्या पितळी तुकड्याला, भोक असतं. ॲक्सल फिरून तापला की वंगण वितळतं आणि त्या भोकातून खाली उतरतं. यातच त्याची गोम आहे. गाडी सुरू होताना बेअरिंग थंड असतं, म्हणजे ज्या क्षणी वंगण सर्वांत जास्त हवं त्याच क्षणी ते वर गोठून बसलेलं असतं. डिसेंबरच्या पहाटे थिजलेलं खोबरेल तेल बाटली उलटी करूनही हातावर येत नाही, तसंच हे. त्यामुळे थंडीत आणि उन्हाळ्यात वंगणाचं प्रमाण बदलावं लागायचं. रात्रभर बर्फात उभी राहिलेली कोळशाची गाडी सकाळी हलवताना इंजिनाची काय दमछाक होत असेल, याचा विचार तिथे उभं राहून नक्की करा.

संग्रहालयात एक वयस्कर स्वयंसेवक भेटले. मी वॅगनखाली डोकं घालून बसलेला बघून आधी त्यांना वाटलं की काही हरवलंय. मी काय काम करायचो ते सांगितल्यावर त्यांचा चेहराच बदलला. ते शिल्डनच्याच वॅगन कारखान्यात कामाला होते. हा कारखाना १९८४ साली बंद झाला, आणि गावात अजूनही लोक त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. आम्ही दोघं एका ग्रीस बॉक्सपाशी उभे राहून बोललो. भाषा त्यांची वेगळी, उच्चार तर फारच वेगळा, पण बोटाने दाखवलेला जर्नल, म्हणजे ॲक्सलचं बेअरिंगमध्ये फिरणारं टोक, दोघांनाही कळत होता. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे तेल खालून द्यायचे की वरून? हा प्रश्न फक्त आमच्याच खात्यातला माणूस विचारू शकतो.

आमच्याकडे खालून. जर्नलवर वरून ब्रास बसलेलं, त्याला आतून पांढऱ्या धातूचं अस्तर. हा मऊ धातू १८३९ मध्ये अमेरिकेत आयझॅक बॅबिट यांनी आणला. आणि जर्नलच्या खाली तेलात भिजवलेलं वेस्ट, म्हणजे सुताचे गुंते, ठासून भरलेलं. जर्नल फिरताना त्याला घासून तेल वर घेऊन जातो. ऐकायला सोपं, करायला नाही. वेस्ट सैल भरलं तर खाली बसतं, जर्नलला लागतच नाही, बॉक्स कोरडा. घट्ट आणि उंच भरलं तर त्याची एखादी शेपटी ब्रास आणि जर्नलच्या मध्ये ओढली जाते आणि तेलाचा थर पुसला जातो. पावसाळ्यात पाणी शिरलं तर तेल वर आणि पाणी खाली, मग सुतं पाणीच वर ओढतात. पॅकिंग भरणारे आमचे जुने खलाशी (यार्डातले मदतनीस कामगार) बोटांच्या अंदाजाने हे काम करायचे. त्यांच्यातल्या कुणाला सही करता यायची नाही, पण त्यांनी भरलेला बॉक्स तापत नसे. बॉक्स तापला की अस्तर वितळतं, मग पितळ लोखंडावर घासतं, जर्नल लाल होतो आणि वेळेत कोणी बघितलं नाही तर तुटतो. म्हणून तर जाणाऱ्या गाडीकडे स्टेशनवरच्या माणसाने उभं राहून बघायचं, हा नियम आहे. ब्रासची चोरी हे आणखी एक दुखणं. पितळेला बाजारात भाव, त्यामुळे उभ्या वॅगनचे ब्रास नाहीसे व्हायचे.

खालून तेल देणं का बरोबर, याचं उत्तर १८८३ साली मिळालं. इंग्लंडच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने बीचम टॉवर यांच्याकडे बेअरिंगच्या घर्षणावरच्या प्रयोगांचं काम दिलं होतं. त्यांनी चार इंची जर्नल, सहा इंच लांबीचा, खाली तेलात बुडवून फिरवला आणि वर ब्रास ठेवून भार दिला. तेल घालण्यासाठी ब्रासला वर भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी त्यातून बाहेर येऊ लागलं. भोक बुजवायला लाकडी खुंटी ठोकली, तर ती हळूहळू बाहेर ढकलली गेली. मग तिथे दाब मोजायचं घड्याळ लावलं. ब्रासवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता आणि घड्याळाचा काटा २०० च्या पुढे गेला. फिरणारा जर्नल स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर अख्खी वॅगन तरंगते. ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचं गणित मांडलं आणि आजही तेलाच्या थरावर चालणारी साधी बेअरिंग त्याच गणितावर चालतात. ग्रीस बॉक्सवाल्यांनी इतकी वर्षं वंगण नेमकं तिथून ढकललं, जिथे आत दाब सर्वांत जास्त असतो. हे मी त्या स्वयंसेवकांना माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मला पुढच्या रांगेत घेऊन गेले.

तिथे कोळशाच्या नव्या जमान्यातल्या वॅगन आहेत. वीजकेंद्राला कोळसा नेणाऱ्या, खालून उघडणाऱ्या हॉपर वॅगन. १९६४ पासून दहा हजारांहून जास्त बनल्या, त्यातल्या बहुतेक शिल्डनच्याच कारखान्यात. त्यांना रोलर बेअरिंग, म्हणजे आत पोलादी लाटण्या फिरतात ते. चॉल्ड्रन आणि ही हॉपर एकाच छपराखाली, चालत गेलं तर मिनिटांच्या अंतरावर. मधल्या सगळ्या पायऱ्या डोळ्यांनी बघता येतात, हेच या जागेचं मोठेपण. मी स्वतः आपल्या रेल्वेच्या बॉक्सएन या मालवॅगनचं सीलबंद बेअरिंग पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्यातल्या खलाशांनी विचारलं होतं, याला तेल कुठून घालायचं? घालायचंच नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला.

भारतीय माणसाला आवडेल असा आणखी एक धागा. स्टॉकटन-डार्लिंग्टनच्या दीडशे वर्षांसाठी १९७५ साली त्या पहिल्या गाडीच्या ‘लोकोमोशन’ इंजिनाची चालती प्रतिकृती बनली, ती माइक सॅटो यांच्या पुढाकाराने. हेच सॅटो दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या उभारणीत सल्लागार होते. चाणक्यपुरीतलं ते संग्रहालय बघितलं असेल तर शिल्डनमध्ये तुम्हाला बरंच ओळखीचं वाटेल.

आता व्यवहाराचं. मोठ्या इमारती आतून थंड असतात, मे महिन्यातही स्वेटर लागला. खाण्यापिण्याची सोय आत आहे. शाकाहारी मिळतं, पण आपण घरून पोळीभाजी नेली तर बाहेर बसून खायला मोकळी जागा भरपूर आहे. लहान मुलांना पळायला जागा आहे. वाहनं अधूनमधून इतर संग्रहालयांत हलवतात, त्यामुळे एखादं ठरावीक इंजिन बघायचं असेल तर निघण्याआधी त्यांच्याकडे चौकशी करा. उघडायच्या वेळाही ऋतूप्रमाणे बदलतात. दोन तासांत उरकता येतं असं लोक म्हणतात. तुम्ही रेल्वेतले असाल तर अख्खा दिवस ठेवा आणि ‘सॅन्स परेल’ बनवणारे टिमथी हॅकवर्थ यांचं घर व इंजिनांना कोळसा भरायचे दगडी कोल ड्रॉप बघायला उजेड असतानाच बाहेर पडा. खिशात एक छोटी टॉर्च असू द्या, चॉल्ड्रनच्या पोटाखाली अंधार असतो. आणि कोणी वयस्कर स्वयंसेवक दिसला तर त्याला ॲक्सल बॉक्सबद्दल विचारा. परतीची गाडी चुकली तरी चालेल, पुढची असतेच.