न्यूरोसायन्स-कॉग्निशनची मास्टर्स केली, घ्यावी का विचारणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

मेंदू आणि विचारप्रक्रियेच्या अभ्यासाचा हा दोन वर्षांचा कोर्स नुकताच संपलाय, बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कोर्सचं नाव घेत नाही कारण थोडी तक्रारही आहे.

यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे लॅब रोटेशन. पहिल्या वर्षात तीन वेगवेगळ्या लॅब. मला आधी ईईजीची (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूचे विद्युत सिग्नल मोजतात ती) मिळाली आणि सुरुवातीचे दिवस नुसतं टोपी बसवणं, केस बाजूला सारून जेल भरणं, इम्पीडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विजेचा अडथळा) खाली येईपर्यंत थांबणं यातच गेले, वैताग आला होता खरंतर. पण मग कच्चा डेटा स्क्रीनवर पळताना बघितला, समोरच्याने डोळे मिचकावले की कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर केवढी लाट उठते, दात आवळले की कशी दाट खरखर येते, आणि आपल्याला हवा तो मेंदूचा सिग्नल त्यात जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा! पेपरमधला तो गुळगुळीत ग्राफ कितीतरी ट्रायल्सची, म्हणजे पुन्हा पुन्हा केलेल्या त्याच चाचणीची, सरासरी काढून येतो हे तेव्हा डोक्यात बसलं, आणि तेव्हापासून कुठलाही पेपर उघडला की मी आधी मेथड्स वाचते.

थिअरीबद्दल तक्रार नाही. चेतापेशीत विद्युत संदेश कसा तयार होतो ते सांगणारं हॉजकिन-हक्स्लीचं १९५२ चं मॉडेल समीकरणांसकट करून घेतलं. एफएमआरआय (मेंदूचं काम बघायचं स्कॅनिंग) पेशींचं काम थेट मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल मोजतं आणि तो बदल शिखरावर पोचायला ५-६ सेकंद लागतात, हेही नीट समजावलं.

स्टॅटिस्टिक्स मात्र अजिबात टाळू नका. आमच्या मॅडमनी पहिल्याच तासाला २००९ चा तो मेलेल्या सामन माशाचा प्रयोग सांगितला, माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांचे फोटो दाखवले आणि हजारो व्हॉक्सेलच्या (स्कॅनमधल्या छोट्या ठोकळ्यांच्या) टेस्ट करेक्शन (इतक्या टेस्टमध्ये काही निव्वळ योगायोगाने जुळतात, त्यासाठीची दुरुस्ती) न लावता केल्या तर मेलेल्या मेंदूतसुद्धा ‘ॲक्टिव्हिटी’ दिसली, करेक्शन लावलं की गायब. थीसिसच्या वेळी माझा एक छान दिसणारा रिझल्ट असाच गेला, दोन दिवस वाईट वाटलं पण तो छापला गेला नाही याचं आता फार बरं वाटतं.

आता तक्रार. प्रोग्रॅमिंग कोर्समध्ये धरलेलंच नाही, ‘तुमचं तुम्ही शिका’. सायकॉलॉजी किंवा बायोलॉजीतून आलेल्या मुलांचं पहिलं सेमिस्टर यातच वाया जातं, हे चूकच आहे. ॲडमिशनच्या आधी तीन-चार महिने पायथन नाहीतर आर हाताखालून घाला, फाइल वाचणं, लूप, प्लॉट एवढं आलं तरी खूप.

दुसरं म्हणजे गाईड. माझे चांगले होते, पण वर्गातल्या एकीचा ड्राफ्ट दीड महिना तसाच पडून होता आणि सबमिशन पुढे गेलं तिचं. गाईड निवडताना पेपर मोजत बसू नका, त्यांच्या लॅबमधल्या पोरांना गाठा आणि विचारा, पाठवलेला ड्राफ्ट किती दिवसांनी परत येतो.