बाहुलीघरात झाडू कुठे ठेवायचा?

घरी जोडायचं तीन मजली लाकडी बाहुलीघर दिसायला सुरेख असतं. पण संसार म्हणजे काय, याची मुलांची कल्पना ज्या खेळण्यांतून घडते त्यांतलं हे एक. त्यामुळे रंगकामासोबत आत काय आहे आणि काय नाही, तेही तपासायला हवं.

आधी जोडणी. फळ्या बहुधा एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या असतात. कडेत थेट स्क्रू पिळला की फळी उकलते, म्हणून आधी बारीक भोक पाडून घ्या. सगळे स्क्रू सैल ठेवून मागची पातळ फळी सरकवा, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि सारखे भरले की मगच आवळा. ही पायरी गाळली तर चौकट तिरकी राहते आणि छप्पर नीट टेकत नाही.

मापाची फसगत नेहमीची. सामान 1:12 मापाचं असेल तर 75 सेंमी उंचीचं टेबल सव्वासहा सेंमीचं होतं आणि मोठा माणूस साधारण 14 सेंमीचा. घरात आधीपासून असलेली 29 सेंमीची बाहुली दुप्पट मापाची. पलंगावर निजवली तर पाय बाहेर.

आता खरी तक्रार. खोक्यात आई, बाबा, दोन मुलं आणि खोली-खोलीत पक्कं चिकटवायचं सामान. कचऱ्याचा डबा नाही, कपडे वाळत घालायला जागा नाही, झाडू नाही. समोरची भिंतच नसल्याने दार लावून एकटं बसणंही नाही. मोठेपणी घरातला निम्मा वेळ जातो तो आवरण्यात, नाहीतर कुणीतरी आजारी पडलं म्हणून पलंग हलवण्यात. या घरात मात्र जेवण कायम मांडलेलं आणि भांडी कायम घासलेली!

जुनी बाहुलीघरं याबाबतीत जास्त प्रामाणिक होती. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमनचं 17व्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेलं बाहुलीघर आहे. त्यात मिरवायचं स्वयंपाकघर वेगळं आणि राबायचं वेगळं. शिवाय वर कपड्यांची खोली आणि जळणाचा माळा. ते श्रीमंत बाईच्या हौसेचं होतं, मुलांच्या खेळण्यासाठी नव्हे, हेही खरं.

सुरक्षिततेत तडजोड नको. 31.7 मिमी व्यासाच्या चाचणी-नळीत पूर्ण मावणारा भाग तीन वर्षांखालच्या मुलासाठी घशात अडकण्याइतका लहान धरतात. 1:12च्या कपबश्या त्यातच मोडतात. दिवे असतील तर बटण-सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारंच हवं. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजू शकतं. शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.

घ्यायचंच तर सहा सजवलेल्या खोल्यांपेक्षा चार मोकळ्या खोल्यांचं घ्या. बाहुल्या सुट्या मिळत असतील तर एक म्हातारं माणूस आणि एक तान्हं बाळ जरूर आणा; कोण कुठे झोपणार, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. काड्यापेटीचा कचऱ्याचा डबा होतो, दोऱ्याची वाळत घालायची दोरी. जिन्याच्या जागी नुसतं चित्र असेल तर ते मॉडेल सोडून द्या. आणि सोबत येणारी गोंदाची ट्यूब खोक्यातच राहू द्या.