प्लेटवर ४३-८, आत ३९-८

जुन्या जीपसाठी ‘बांधून तयार’ असलेला पुढचा ॲक्सल घ्यायचा विचार असेल, तर व्यवहाराआधी हे वाचा. मला चुकीच्या रेशोचा (चाकाच्या एका फेऱ्याला जोर आणणारा शाफ्ट किती वेळा फिरतो ते प्रमाण) ॲक्सल बरोबर रेशोची प्लेट लावून विकण्यात आला. आतल्या झिजलेल्या गिअरांचा आवाज दाबण्यासाठी तेलात लाकडाचा भुसा कालवलेला होता. दोन वेगवेगळ्या ॲक्सलांचे फोटो एकाच मालाचे म्हणून दाखवले होते. यातली एखादी गोष्ट नजरचुकीने होऊ शकते, तिन्ही एकत्र होत नाहीत. हे ठरवून केलेलं काम होतं आणि ते पुन्हा कुणाच्या तरी बाबतीत होणार, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

माझी गाडी विलीज घराण्यातली. लीफ स्प्रिंग, दोन लिव्हरांचा ट्रान्सफर केस (जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलांना वाटणारा गिअरबॉक्स), लागेल तेव्हाच लावायचं फोर व्हील. तिची बरीचशी कामं मी घरीच करतो. पुढच्या डिफरन्शियलमध्ये (ॲक्सलच्या मधला गिअरांचा संच) क्राऊनचे, म्हणजे मोठ्या चक्राचे, दात तुटले, त्याला फिरवणारा छोटा पिनियन खराब झाला आणि हाउसिंगमधली बेअरिंगची बैठकही खाल्ली गेली होती. नुसता क्राऊन-पिनियन बदलून भागणार नव्हतं, त्यामुळे अख्खा ॲक्सल घ्यायचं ठरलं.

इथे थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण सगळी लबाडी त्याच्याच आडोशाने झाली. युद्धकाळातल्या विलीज एमबीला ४.८८ चा रेशो होता, म्हणजे क्राऊनला ३९ दात आणि पिनियनला ८. युद्ध संपताना, १९४५ मध्ये, नागरी वापरासाठी सीजे-२ए आली तिला ५.३८ चा रेशो दिला, म्हणजे ४३ आणि ८. शेतातली ओढकामं डोळ्यांपुढे होती. त्याच कारणाने ट्रान्सफर केसचा लो गिअरही १.९७ वरून २.४३ वर नेला. पण पुढचा ॲक्सल दोन्ही गाड्यांना डाना २५ या एकाच मॉडेलचा होता. बाहेरून हाउसिंग पाहून आत कोणते दात आहेत ते ओळखणं जवळपास अशक्य. म्हणूनच झाकणाच्या बोल्टखाली दातांची संख्या लिहिलेली पत्र्याची छोटी प्लेट असते. आणि बोल्टखालची प्लेट काढून दुसरी लावायला एक पाना पुरतो.

फोर व्हीलमध्ये पुढचा-मागचा रेशो एकच लागतो. माझ्या गाडीचा मागचा ॲक्सल ५.३८ चा आहे, हे मी आधीच दात मोजून पाहिलेलं होतं. जुन्या जीपांचे भाग विकणाऱ्या एका माणसाशी फोनवर बोलणं झालं. माझी गरज मी नेमकी सांगितली: ५.३८, ४३-८, दुसरं काही नको. उत्तर आलं, “साहेब, हा काढलेला माल नाही, बांधलेला आहे. बेअरिंग नवीन, सील नवीन, शिम लावून प्ले सेट केलाय.” (शिम म्हणजे पातळ चकत्या, प्ले म्हणजे दातांमधली मोकळीक.) सोबत फोटो आले. झाकण उघडलेलं, दात एकमेकांना कुठे टेकतात ते दाखवणारा, निळा रंग लावून घेतलेला ठसा, तोही दाताच्या बरोबर मधोमध. प्लेटचा जवळून काढलेला फोटो, त्यावर ४३-८. आणि एक व्हिडिओ, ज्यात शाफ्ट हाताने फिरवला की दोन्ही चाकं अगदी शांतपणे फिरत होती. कुणालाही पटावा असाच पुरावा होता. चाचणीसाठी मुदत एका आठवड्याची.

माल आला तो ताज्या काळ्या रंगात. झाकणाच्या कडेने लाल सिलिकॉन बाहेर आलेलं. बसवला, ब्रेक जोडले, गाडी रस्त्यावर आणली. काहीही बिघाड नाही. बिघाड दिसणारही नव्हता, कारण रस्त्यावर जीप मागच्या चाकांवरच चालते आणि पुढचा ॲक्सल नुसता सोबत फिरतो. चाचणीची मुदत अशीच निघून गेली.

पुढे पहिल्यांदा भुसभुशीत चढावर फोर व्हील लावलं तेव्हा गाडी नेहमीसारखी ओढेना. पुढची चाकं सारखी खरवडत होती, जणू त्यांना गाडीपेक्षा जास्त घाई होती. वर कडक जमिनीवर आल्यावर स्टीअरिंग जड झालं, गाडी मध्येच ब्रेक लागल्यासारखी थबकायला लागली आणि लिव्हर फोर व्हीलमधून बाहेर येईना. असा ताण चढला की गाडी सरळ थोडी मागे घेतात आणि तो सुटतो. इथे मागे घेताना लिव्हर क्षणभर सैल झाला आणि लगेच पुन्हा घट्ट बसला. ही खूण लक्षात ठेवा. वळणामुळे आलेला ताण मागे घेतल्यावर जातो. रेशोच वेगळे असतील तर तो मागे जाताना उतरतो आणि लगेच उलट्या दिशेने चढायला लागतो.

एक धोक्याची सूचना, कारण घरी काम करणारे बहुतेक जण इथे जॅकच हातात घेतील. ताण चढलेल्या गाडीचं एक चाक जमिनीवरून सुटलं की तो सगळा ताण त्या चाकातून एका झटक्यात निघतो. हात चाकावर किंवा शाफ्टवर असेल तर बोटं जातील. शक्य असेल तर गाडी आधी मऊ मातीवर न्या, तिथे चाकं आपोआप घसरून ताण निघतो. जॅक लावावाच लागला तर चाकापासून लांब उभं राहून उचला आणि बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा.

विक्रेत्याला फोन केला. पहिलं कारण: नवीन बांधलेला आहे, बसायला वेळ लागेल. दुसरं: तुमचे टायर कमी-जास्त झिजले असतील. दुसरं कारण ऐकायला रास्त वाटतं, म्हणून त्याचा हिशेबच मांडतो. ५.३८ आणि ४.८८ मध्ये सुमारे १० टक्क्यांचा फरक आहे. ६.००-१६ चा टायर साधारण ७१ सेंटिमीटर व्यासाचा असतो. नुसत्या टायरमुळे एवढा फरक पडायचा तर मागच्या-पुढच्या टायरांच्या व्यासात जवळपास ७ सेंटिमीटरचं अंतर हवं. नवा टायर पार गुळगुळीत झाला तरी व्यास फार तर दोनेक सेंटिमीटरने घटतो. माझे चारही टायर एकाच मापाचे होते आणि हवाही सारखी होती. टायरचं कारण तिथेच संपलं.

मग खडूची चाचणी केली. ही कुणालाही करता येते. पुढची दोन्ही चाकं उचलून ॲक्सलखाली भक्कम स्टँड द्यायचे, मागच्या चाकांना गुटके लावायचे, ट्रान्सफर केस टू व्हीलमध्ये ठेवायचा म्हणजे पुढचा शाफ्ट मोकळा होतो. चाकांना लॉकिंग हब (चाक ॲक्सलला जोडणारे-सोडवणारे) असतील तर ते लॉक करायचे. टायरवर खडूची एक खूण, शाफ्टच्या योकवर (ॲक्सलकडच्या टोकाच्या जोडावर) एक. आता दोन माणसांनी दोन्ही चाकं एकाच दिशेने, एकाच वेळी फिरवायची आणि तिसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. माणसं कमी असतील तर एक चाक जमिनीवरच ठेवून दुसरं दुप्पट फिरवायचं. डिफरन्शियल साधा, लॉक न होणारा असल्यामुळे हिशेब तोच येतो. एका फेऱ्यावर थांबू नका. चाकाच्या १० फेऱ्यांना ५.३८ चा शाफ्ट ५३.७५, म्हणजे पावणेचोपन्न वेळा फिरतो आणि ४.८८ चा ४८.७५, म्हणजे पावणेएकोणपन्नास वेळा. पाच फेऱ्यांचा फरक मोजण्यातल्या गडबडीने येत नाही. माझ्या शाफ्टचे एकोणपन्नासही पूर्ण भरले नाहीत.

झाकण उघडण्याआधी तेल सोडलं, तर ते धड वाहीना. गिअर ऑइल जाड असतं, पण त्याची धार लागते. इथे ग्रीस, तेल आणि भुसा यांचा लगदा गोळ्यागोळ्यांनी पडत होता. ही जुनी युक्ती आहे. भुसा दातांमध्ये दबून झिजलेल्या गिअरचा घोंघाट शोषून घेतो. तोच भुसा बेअरिंगकडे जाणारी तेलाची वाट बुजवतो आणि पिनियनचं बेअरिंग कोरडं पडतं. त्या व्हिडिओतली शांतता या लगद्याची होती.

आत क्राऊनच्या कडेवर ३९ आणि ८ कोरलेलं होतं. दात मोजले, तेही ३९ भरले. नवी म्हणून सांगितलेली बेअरिंग जुनीच होती, त्यांच्या वाट्यांवर खड्डे होते. प्ले हाताला जाणवेल एवढा होता. तो मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागात असायला हवा आणि डायल गेजनेच मोजायला हवा. सगळ्यात संताप आला तो फोटो पुन्हा पाहताना. फोटोतल्या क्राऊनच्या बोल्टांना दुमडलेल्या लॉकच्या पट्ट्या होत्या. माझ्या हातातल्या क्राऊनला एकही नव्हती. निळ्या ठशाचा तो सुंदर फोटो दुसऱ्याच ॲक्सलचा होता. पुढे एका ओळखीच्या जीपवाल्याने त्याला आलेले फोटो दाखवले, तर तेच फोटो, तीच प्लेट.

एव्हाना नुकसान ॲक्सलपुरतं राहिलं नव्हतं. पुढच्या शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा) गेला होता, त्याच्या कपातल्या सुया चुरडल्या होत्या. ट्रान्सफर केसच्या पुढच्या बाजूचं बेअरिंगही आवाज करायला लागलं होतं. खडूच्या मोजणीचा व्हिडिओ आणि क्राऊनवरच्या आकड्याचा फोटो पाठवल्यावर विक्रेत्याचं म्हणणं आलं, “प्लेट आधीपासूनच तशी होती, आम्हाला काय माहीत?” ज्याने शिम लावून प्ले सेट केल्याचं सांगितलं, त्याला आतल्या क्राऊनवरचा आकडा माहीत नव्हता! मग मुदतीचा मुद्दा निघाला, आणि त्यानंतर फोन उचलणं बंद झालं. एक पैसाही परत आला नाही.

माझ्या मते या फसवणुकीतला सगळ्यात हुशार भाग प्लेट नाही, मुदत आहे. फोर व्हील रोज लागत नाही आणि लागतं तेही बहुतेकदा चिखलात. चिखलात चाकं घसरतात, त्यामुळे रेशोचा फरक सहन होऊन जातो. कित्येक जणांना ट्रान्सफर केस मोडेपर्यंत कळणार नाही, आणि तेव्हा दोष ट्रान्सफर केसला दिला जाईल.

म्हणून ॲक्सल प्रत्यक्ष पाहायला जाणं शक्य असेल तर खडू सोबत न्या आणि विक्रेत्यासमोर फेरे मोजा. तेल भरायचा बोल्ट काढून बोट आत घाला. भुसा बोटाला लगेच लागतो. लांबून घेत असाल तर फोटो मागू नका, एकसलग व्हिडिओ मागा: झाकण उघडं, क्राऊनच्या कडेवरचा आकडा, मग कॅमेरा न थांबवता हाउसिंगवर तुम्ही सांगाल ते अक्षर खडूने लिहिलेलं. बेअरिंग नवीन म्हणत असेल तर काढलेली जुनी दाखवायला सांगा. आणि बिलावर ‘जीप ॲक्सल’ एवढंच न लिहिता दातांची संख्या लिहून घ्या. प्रामाणिक कारागिराला यातलं काहीच जड जात नाही. मला नंतर ४३-८ चा सेट बसवून देणाऱ्या मिस्त्रींनी न मागता आकडा दाखवला, निळा रंग लावून ठसा दाखवला आणि काढलेल्या शिमसुद्धा पिशवीत घालून दिल्या.

ॲक्सल आधीच बसवून झाला असेल आणि आता शंका येत असेल, तर फेरे मोजून होईपर्यंत फोर व्हील लावू नका. पुढचा शाफ्ट दोन्ही टोकांना सोडून काढून ठेवला की लिव्हर चुकून पडला तरी पुढच्या ॲक्सलकडे जोर जात नाही, आणि गाडी मागच्या चाकांवर नेहमीसारखी चालवता येते. तेल मात्र लगेच बदला, कारण शाफ्ट काढला तरी हब लॉक असतील किंवा हबच नसतील तर चाकांबरोबर आतले दात फिरतच राहतात. भुसा निघाला तर एकदा धुऊन भागत नाही. डिझेलने धुवा, पातळ तेल भरून थोडी गाडी चालवा, पुन्हा सोडा, आणि तेल स्वच्छ यायला लागल्यावरच ९० नंबरचं भरा.