जोडायची की लिंक द्यायची? पुनर्विकासाच्या कागदांसाठी जीमेल आणि ड्राइव्ह, काही महिन्यांच्या वापरानंतर

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीचा कागद रोज कुणाकडे तरी जात असतो. आर्किटेक्ट, बँक, वकील, गिरगावातला प्रिंटर आणि कमिटीतले ज्येष्ठ सभासद. दादरच्या एका छोट्या ऑफिसात या कामाला जीमेल आणि ड्राइव्हची फुकटची जोडी वापरली. जोडी भरवशाची आहे. फाइल जोडायची की लिंक द्यायची, हे मात्र तिच्यावर सोडू नये.

फाइल २५ एमबीच्या वर गेली की जीमेल ती परस्पर ड्राइव्हवर चढवतं आणि मेलमध्ये लिंक टाकतं. पाठवणाऱ्याला वाटतं फाइल गेली. २५ च्या आतली फाइलही पोचेलच असं नाही, कारण मेलमधून जाताना फाइलचं अक्षरांत रूपांतर होतं आणि ती साधारण ३५ टक्के फुगते. समोरच्या ऑफिसच्या सर्व्हरवर १० एमबीची मर्यादा असेल तर ८ एमबीची पीडीएफ तिथे जवळपास ११ ची होते आणि परत येते. परत आलेल्या मेलमध्ये ५५२ किंवा ५.३.४ हे आकडे दिसले तर पत्ता तपासत बसू नका, आकार कमी करा. बँका आणि सरकारी कार्यालयांना एका मेलमध्ये ७ एमबीपेक्षा जास्त न पाठवणं बरं.

आकार बहुतेक वेळा स्कॅनिंगमध्येच बिघडतो. ए-४ पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) रंगीत घेतलं तर फाइल कॉम्प्रेस करण्याआधी एका पानाचा डेटा सुमारे २६ एमबी असतो, तेच २०० डीपीआय ग्रेस्केलवर (रंगाविना, करड्या छटांत) चारच्या आसपास. इतिवृत्त, पत्रव्यवहार, पावत्या यांना ग्रेस्केल पुरतं. स्टॅम्प पेपरवरचा जुना करार, शिक्के आणि निळ्या शाईच्या सह्या असलेलं शेअर सर्टिफिकेट मात्र रंगीतच घ्यावं. नकाशा छापून तो पुन्हा स्कॅन करणं तर निव्वळ उधळपट्टी. नकाशे काढायच्या ऑटोकॅड सॉफ्टवेअरमधून थेट पीडीएफ काढली की ती बहुधा हलकी राहते आणि कितीही मोठी केली तरी रेषा फुटत नाही. ऑटोकॅडची मूळ डीडब्ल्यूजी फाइलच पाठवायची असेल तर त्यातल्याच ई-ट्रान्समिट या सोयीने गठ्ठा करून पाठवा. नाहीतर एक्सरेफ, म्हणजे नकाशाला जोडलेल्या बाकीच्या फाइली, इथेच राहतात आणि समोर अर्धा नकाशा उघडतो.

आता लिंक, कारण खरी डोकेदुखी तिथे आहे. ड्राइव्हची लिंक मुळात ‘प्रतिबंधित’ असते. पाठवताना जीमेल परवानगीबद्दल विचारतं, घाईत ती चौकट बंद केली जाते, आणि समोरच्याला ‘प्रवेश हवा आहे’ एवढंच दिसतं. परवानगी दिली तरी ती त्या पत्त्यापुरती असते. सेक्रेटरींनी मेल खजिनदारांना फॉरवर्ड केला की तिथे पुन्हा कुलूप. यावर ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय सोपा वाटतो, पण ती लिंक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली की कोण पाहतंय ते कळत नाही. मसुदा नकाशाला हे चालेल, ‘दर्शक’ हक्कावर. सभासदांची यादी, सह्यांचे कागद यांना अजिबात नाही.

लिंकचा खरा फायदा मात्र फारसा कुणी घेत नाही. नकाशा बदलला की नवी फाइल चढवून नवी लिंक पाठवली जाते, आणि आठवड्याभरात ‘फायनल’, ‘फायनल २’ अशी पिलावळ होते. त्याऐवजी जुन्याच फाइलच्या मेन्यूत आवृत्त्यांचा पर्याय उघडून नवी पीडीएफ चढवावी. लिंक तीच राहते, सगळ्यांना ताजा नकाशा दिसतो. जुनी आवृत्ती ३० दिवसांनी जाऊ शकते, म्हणून कमिटीने पाहिलेल्या आवृत्तीला ‘कायम ठेवा’ लावावं. लिंकमागची फाइल अशी बदलता येते, याच कारणाने सही झालेलं इतिवृत्त, हमीपत्र, करार कधीही लिंकवर देऊ नये. जे आता बदलायचं नाही ते जोडूनच पाठवावं, म्हणजे प्रत समोरच्याच्या पेटीत राहते.

मराठी कागदांचं वेगळंच दुखणं. श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली नोटीस वर्ड फाइल म्हणून पाठवली की तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हं उमटतात. पीडीएफ करून, फाँट आत बसवून पाठवा. प्रिंटरकडे कोरलची (छपाईच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) फाइल द्यायची असेल तर अक्षरांचं कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या आकृत्यांत, रूपांतर करून, सोबत पाहण्यापुरती पीडीएफ. आयफोनवरचे हाइक (एचईआयसी) प्रकारचे फोटो बऱ्याच जुन्या विंडोज संगणकांवर उघडत नाहीत, जेपीजी करून द्यावेत.

सभासदांचे आधार पाठवावे लागतातच. मास्क केलेलं घ्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पासवर्डवर विसंबू नका: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष, हे सोसायटीत कुणालाही जमेल. सगळ्यांची एकत्र पीडीएफ करून तिला वेगळा पासवर्ड द्यावा आणि तो फोनवर सांगावा, त्याच मेलमध्ये नाही.

पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत मुळात ५ सेकंद असते, सेटिंगमध्ये ती ३० करून घ्या. आणि १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे, ती भरली की मेल यायचेच थांबतात. शोधचौकटीच्या फिल्टरमध्ये १० एमबीपेक्षा मोठे मेल काढून हटवता येतात, पण कचरापेटी रिकामी केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही.